शिशाच्या जिगला टिकणारा रंग: पावडर, एपॉक्सी आणि त्याआधीची तयारी

जिग म्हणजे गळावर शिशाचं डोकं ओतून केलेलं मासेमारीचं आमिष. घरी ओतलेला जिग पाण्यात गेला की खडक, शिंपले, वाळू आणि माशाचे दात या सगळ्यांशी त्याची गाठ असते. शिसं मऊ धातू आहे, दगडावर आपटलं की चेपतं. वरचा रंग कडक आणि ठिसूळ असला तर तो धातूबरोबर चेपत नाही, तडकतो. तडा गेला की पाणी आत शिरतं आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणजे जिगच्या रंगाला मुळात दोनच गोष्टी हव्यात: धातूला धरून राहणं आणि थोडी लवचीकता. छटा, चमक, डोळे हे सगळं त्यानंतर. बहुतेकांचा वेळ मात्र या नंतरच्या गोष्टींतच जातो, आणि नाकावरचा रंग पहिल्या दिवशीच उडतो.

टिकण्याच्या दृष्टीने सगळ्यात वर भाजलेला पॉलिएस्टर पावडर पेंट. त्याच्या खालोखाल दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक रंग आणि वरून एपॉक्सी किंवा टू-के (दोन घटकांचा) युरेथेन क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. व्हिनाइल जिग पेंट मधला. साधा इनॅमल त्याच्या खाली, आणि नेलपेंट अगदी शेवटी. नेलपेंट ठिपके द्यायला चांगलं असतं, पण त्यावर आख्खा जिग सोडू नका.

शिसं कसलं आहे ते आधी बघा

शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. पावडर भाजायला १७५ ते २०० अंश लागतात, त्यामुळे शुद्ध शिशाला काही होत नाही. पण ओतकामाला बहुधा भंगारातलं शिसं येतं, आणि त्यात काय मिसळलंय हे वरून कळत नाही. गाडीच्या चाकांना लावायच्या वजनांत अँटिमनी असतं. असं मिश्रण २५२ अंशांपासून मऊ पडायला लागतं. तरीही पुरेसं अंतर उरतं. खरा घात होतो तो सोल्डरच्या तुकड्यांनी. शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळायला सुरुवात होते, आणि त्याचं प्रमाण जास्त असलेले जिग भट्टीत ओघळून खालच्या ट्रेवर पडतात, गळ तेवढे वर लटकत राहतात.

शिसं टाळून बिस्मथ-कथलाचे जिग ओतले असतील तर पावडरचा विचारच करू नका. बिस्मथ-कथलाचं नेहमीचं मिश्रण १३८ अंशांना वितळतं. त्याला ओला रंग आणि एपॉक्सी हाच मार्ग. शुद्ध कथील २३२ अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे १७५ अंशांची पावडर त्यावर चालते.

शंका असेल तर चाचणी सोपी आहे. त्या ओतकामातला एक कोरा जिग भट्टीत टांगा, खाली ट्रे ठेवा, भाजण्याच्या तापमानापेक्षा १० अंश जास्त ठेवून २० मिनिटं थांबा. जिग जसाच्या तसा राहिला तर बाकीचे बिनधास्त रंगवा.

घासणं आणि धुणं

ताजं ओतलेलं शिसं चकचकीत असतं. काही तासांत ते मंदावतं, काही आठवड्यांत त्यावर राखाडी ऑक्साइडचा थर चढतो. रंग त्या थराला चिकटतो, थर धातूला जेमतेम चिकटलेला असतो. त्यामुळे ओतल्यानंतर एक-दोन दिवसांत रंगवलेला जिग सगळ्यात चांगला टिकतो. जुना साठा असेल तर पितळी तारेच्या ब्रशने किंवा बारीक घासणीने पुन्हा धातू उघडा करून घ्या.

ओतताना साच्याच्या सांध्यातून आलेली पातळ कड आधी कटरने काढा, मग बारीक कानस फिरवा. कड ठेवून रंगवलं तर रंग पहिल्यांदा तिथूनच सुटतो, कारण धारदार कडेवरून ओला थर मागे सरकतो आणि तिथे फारच पातळ राहतो. शिसं ओतायच्या भोकातला देठ जिथे कापला तिथेही तेच. तो भाग गोलसर करा. कानशीत शिसं भरून बसतं, म्हणून शिशासाठी वेगळी, मोठ्या दात्यांची कानस ठेवा आणि ती दुसऱ्या कशाला वापरू नका.

घासकाम पाण्याने ओलं करूनच करा. कोरड्या घासण्यातून उडणारी शिशाची धूळ हा या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. खाली ओला कागद पसरा, काम झालं की तो गुंडाळून बंद पिशवीत टाका, टेबल ओल्या फडक्याने पुसा. झाडूने झाडलं तर तीच धूळ घरभर पसरते. नायट्राइलचे हातमोजे आणि धुळीचा मास्क घाला. काम संपेपर्यंत खाणं, चहा, सिगारेट काही नाही, आणि नंतर हात साबणाने नखांपर्यंत धुवा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. कामाचे कपडे वेगळे धुवा.

शिसं उजळायला व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. व्हिनेगरातल्या आम्लाने लेड ॲसिटेट तयार होतं. ते पाण्यात विरघळतं, विषारी असतं आणि नीट धुतलं गेलं नाही तर रंगाखाली राहून धातू पोखरत बसतं. तारेचा ब्रश तेच काम जास्त बरं करतो.

साच्याला मेणबत्तीची काजळी किंवा सिलिकॉनचा स्प्रे लावला असेल तर त्याचा अंश जिगवर आलेलाच असतो. काजळी दिसते, सिलिकॉन दिसत नाही. ॲसिटोनमध्ये जिग एक मिनिट हलवून काढा, मग दुसऱ्या, स्वच्छ ॲसिटोनमध्ये पुन्हा बुचकळा. एकाच डब्यात सगळे धुतले तर दहाव्या जिगला पहिल्या नऊ जिगांचं तेल लागतं. इथून पुढे जिगला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, गळाच्या वाकाला पकडीने धरायचं. ॲसिटोन पटकन पेट घेतं. त्याचा डबा झाकण लावून ज्योत आणि हीट गनपासून दूर ठेवा, आणि जिग पूर्ण कोरडे झाल्याशिवाय तापवायला घेऊ नका.

पावडर लावणं

पावडर पेंट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन, पिठासारखं दळलेलं. गरम धातूला ते चिकटतं, वितळतं, आणि भट्टीत भाजलं की त्याच्या रेणूंची एकमेकांशी कायमची जोडणी होते. ही जोडणी झाली की ते पुन्हा वितळत नाही आणि थिनरने सुटत नाही. नुसतं वितळलेलं आणि भाजलेलं, दोन्ही दिसायला सारखेच चकचकीत असतात. इथेच बरेच जण फसतात.

पावडर बरणीत ढवळून त्यात जिग फिरवता येतो, पण हवेवर फुलवलेली पावडर कितीतरी सारखी बसते. त्यासाठीचं भांडं घरी होतं. दोन इंची पीव्हीसी पाइपचा सुमारे १० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, त्याच्या बुडाला दाट फिल्टर पेपर घट्ट ताणून चिकटवा, खाली हवेची बंद कोठी करा आणि तिला मत्स्यालयाच्या पंपाची नळी जोडा. नळीत हवा कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह हवाच. हा पेला पावडरीने निम्मा भरा आणि हवा हळूहळू सोडा. पावडर दीडपट फुगली आणि पृष्ठभाग मंद हलायला लागला की बस. कारंजी उडायला लागली तर हवा जास्त आहे. एकाच जागी भोकं पडून बाकी पावडर स्थिर राहिली तर ती ओलसर आहे. बारीक चाळणीतून चाळून घ्या आणि पुढच्या वेळी घट्ट झाकणात, थंड जागी ठेवा.

हवेत उडालेली कोणतीही बारीक सेंद्रिय पावडर पेट घेऊ शकते. तापवण्यासाठी ज्योत वापरत असाल तर ती पेल्यापासून हातभर दूर ठेवा. हीट गन त्यापेक्षा बरी. तिने गळही कमी बिघडतो, कारण ज्योतीत दांडा लाल झाला तर पोलादाचं पाणी उतरतं आणि तो गळ माशाच्या ओढीने सरळ होतो. भाजण्याच्या १७५-२०० अंशांनी गळाला काही होत नाही. उष्णता नेहमी शिशावर द्या, गळावर नाही.

शिसं फार पटकन तापतं. हीट गनसमोर फिरवत ठेवलेल्या ३.५ ग्रॅमच्या जिगला साधारण १० सेकंद, ७ ग्रॅमच्या जिगला १५ ते २०, आणि १४ ग्रॅमच्या जिगला २५ ते ३० सेकंद धरून सुरुवात करा. प्रत्येक गनचा जोर वेगळा असतो, तेव्हा पहिले दोन-तीन जिग अंदाज बसवण्यासाठीच समजा. २८ ग्रॅमच्या वरचे जिग एकेक तापवण्यात अर्थ नाही. ते भट्टीतच १७५ अंशांवर १५ मिनिटं ठेवा आणि एकेक काढून बुडवा.

बुडवणं म्हणजे एकच हालचाल: पकडीने गळाचा वाक धरून जिग पावडरीत घालायचा, आडवा एकदा पुढे, एकदा मागे, आणि बाहेर. एक ते दोन सेकंद, जास्त नाही. बाहेर काढल्या काढल्या त्याच्याकडे बघा. आधी तो पिठात घोळल्यासारखा कोरडा, मळकट दिसतो. मग कडांपासून आत ओलसर डाग पसरत जातात, दाणे एकमेकांत मिसळतात, आणि तीन-चार सेकंदांत सगळा पृष्ठभाग एकदम काचेसारखा होतो. असं झालं तर तापमान बरोबर. तो कोरडाच राहिला तर जिग थंड होता. गनसमोर पुन्हा दोन-तीन सेकंद धरा, वितळेल. बाहेर येतानाच चकाकत असेल आणि नाकावर थेंब जमत असेल तर जिग फार गरम होता. असा जाड थर ठेवू नका. पातळ थर धातूबरोबर वाकतो, जाड थर कवचासारखा फुटतो. टिचकी मारून जास्तीची पावडर झाडा, आणि पुढचा जिग पाच सेकंद कमी तापवा.

थर बसला की लगेच गळाचं नेढं सुईने मोकळं करा. आत्ता पावडर मऊ असते, सुई एकदा आरपार गेली की काम झालं. भाजल्यानंतर तेच नेढं टोकरायला गेलात तर भोवतालचा रंग कपच्यांनी निघतो, आणि नेमका तिथेच दोरीचा ताण असतो. धाग्यांची झालर किंवा सॉफ्ट प्लास्टिकचं आमिष अडकवायची मागची मानही बघून घ्या. तिथे दोन थर चढले तर झालर बसत नाही. जिगला वीड गार्डचं (गळ पाणवनस्पतींत अडकू नये म्हणून लावायच्या केसांच्या झुपक्याचं) भोक असेल तर बुडवण्याआधी त्यात सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची खुंटी घाला. गार्डचे नायलॉनचे केस भाजून झाल्यावरच एपॉक्सीने बसवायचे, आधी बसवले तर भट्टीत वितळतील.

फ्लुरोसंट रंग अर्धपारदर्शक असतात. थेट राखाडी शिशावर लावले तर नारिंगी विटकरी दिसतो आणि पिवळा शेवाळी. आधी पांढऱ्याचा पातळ थर, वितळेपर्यंत गरम, मग त्यावर फ्लुरोसंट. अंधारात चमकणाऱ्या पावडरीलाही पांढरा आधार लागतो, नाहीतर तिचा अर्धा प्रकाश काळपट शिसं गिळतं. या पावडरीचा दाणा जाडसर असतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. त्यातलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट पाण्याने हळूहळू खराब होतं, म्हणून वरून पारदर्शक थर द्याच.

दोन रंग हवे असतील तर आख्खा जिग फिक्या रंगात बुडवा आणि गरम आहे तोवर फक्त नाक किंवा पाठ गडद रंगात टेकवा. पट्टे-ठिपक्यांसाठी मऊ कुंचला कोरड्या पावडरीत बुडवून गरम जिगवर टिचकीने झटका. दोन पावडरी पेल्यातच मिसळून तिसरा रंग मिळेल असं मात्र समजू नका. निळी आणि पिवळी मिसळली तर हिरवा येत नाही, निळे-पिवळे कण वेगवेगळे दिसतात. काही वेळा तेच छान दिसतं, ती गोष्ट वेगळी.

भट्टी

छोटी ओटीजी पुरते. ती एकदा या कामाला लागली की स्वयंपाकघरात परत जाणार नाही हे आधीच ठरवा. तिच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. छोट्या भट्ट्यांत २० अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनचा वेगळा थर्मामीटर जिगांच्या उंचीवर लटकवा. तापलेली कांब जिगांना थेट दिसत असेल तर मध्ये ॲल्युमिनियम फॉइलचा आडोसा करा, नाहीतर जवळचे जिग करपतात आणि मागचे कच्चे राहतात.

जिग गळाच्या वाकाने तारेवर टांगा, दोहोंत २ सेंटिमीटर अंतर. एकमेकांना टेकले तर चिकटून भाजतील. पॉलिएस्टर जिग पावडरीला साधारण १७५ अंशांवर २० मिनिटं लागतात. औद्योगिक पावडरींवर बहुधा २०० अंश आणि १० मिनिटं लिहिलेलं असतं. डब्यावरचा आकडा पाळा, आणि वेळ मोजायला सुरुवात धातू तापल्यावर करा. छोट्या जिगांना त्यासाठी तीन-चार मिनिटं जास्त द्या, २८ ग्रॅमच्या जिगांना सात-आठ. खिडकी उघडी ठेवा आणि पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा. झालं की दार उघडून तिथेच थंड होऊ द्या. गरम थर मऊ असतो, हात लागला की ठसा उठतो.

भाजलं गेलं का, हे दोन प्रकारे बघता येतं. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा वीस वेळा जोरात घासा. कापसाला रंगाचा पुसटसा स्पर्श चालतो. रंग सरळ उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर जिग कच्चा आहे, परत भट्टीत घाला. दुसरी चाचणी पकडीची: एक जिग बळी द्या, तो पकडीत दाबून चेपवा. नीट भाजलेला थर शिशाबरोबर वाकतो, फार तर बारीक सुरकुती पडते. कच्चा थर कपच्या होऊन उडतो. या दुसऱ्या चाचणीत मागे राहिलेला धातूही बघा. स्वच्छ, चकचकीत शिसं उघडं पडलं तर दोष भाजण्यातही असू शकतो आणि तेलकटपणातही. राखाडी भुकटीसकट रंग निघाला तर ऑक्साइड काढायचा राहिला होता.

पांढरा आणि फ्लुरोसंट रंग जास्त उष्णतेत पिवळट पडतात. त्यांना डब्यावर दिलेल्या तापमानाच्या खालच्या टोकाला भाजा आणि वेळ पूर्ण द्या.

भाजताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडत असतील तर ती शिशात अडकलेल्या हवेची आहेत. थंड साच्यात ओतलेले जिग असे पोकळ-सच्छिद्र निघतात. ते पावडर लावण्याआधी १९० अंशांवर २० मिनिटं कोरे भाजून घ्या, हवा निघून जाते. मिश्रधातूची खात्री असेल तरच हे करा.

ओला रंग

भट्टी नसेल, धातू उष्णता सोसणारा नसेल किंवा बारीक नक्षी हवी असेल तर ओला रंग. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक उघड्या शिशावर धरत नाही, नखाने सोलून निघतो. खाली प्रायमर लागतोच. दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर उत्तम; तो मिळत नसेल तर गाड्यांच्या कामातला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातू किंचित कोरून त्याला धरणारा. एक पातळ हात, धातू जेमतेम झाकेल इतकाच. मग पांढरा, मग फिक्याकडून गडदाकडे. एअरब्रशचा प्रत्येक हात हेअर ड्रायरने सुकवून पुढचा द्या. खवल्यांसाठी बारीक जाळीचं कापड जिगवर ताणून त्यातून गडद रंग फवारला की झालं.

व्हिनाइल पेंट बुडवून लावायला सोयीचा. कंपनीचाच थिनर घालून तो काठीवरून सलग धार पडेल इतका पातळ करा. जिग हळू बुडवा आणि त्याहून हळू वर काढा. घाईत काढला की नाकाशी अश्रू जमतो. तो थेंब कागदाच्या कडेला टेकवून टिपा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. इनॅमलच्या बाबतीत दुसऱ्या हाताची वेळ पाळा: डब्यावर दिलेल्या मुदतीत किंवा मग पूर्ण वाळल्यावर, मधल्या काळात नाही. अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर पुन्हा इनॅमल गेला की खालचा थर फुगून सुरकुततो, आणि त्यावर उपाय एकच, सगळं खरवडून पहिल्यापासून.

सॉफ्ट प्लास्टिकचं आमिष लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्या प्लास्टिकमधलं मऊ करणारं द्रव्य व्हिनाइल, लॅकर, इनॅमल आणि नेलपेंट विरघळवतं. डब्यात शेजारी ठेवलेले जिग आणि आमिषं महिन्याभरात एकमेकांना चिकटून बसतात. पूर्ण भाजलेली पावडर आणि पक्का झालेला एपॉक्सी हे सोसतात.

डोळे आणि वरचा पारदर्शक थर

डोळा रंगवायला कुंचला नको, खिळा घ्या. खिळ्याचं सपाट डोकं रंगात हलकं टेकवा आणि जिगवर सरळ उभं टेकवून उचला. गोल ठिपका बसतो. मोठ्या डोक्याने पांढरा किंवा पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर छोट्या डोक्याने काळी बाहुली. प्रत्येक ठिपक्याला रंग नव्याने घ्यायचा. एकदा घेतलेल्या रंगात दोन ठिपके दिले की दुसरा लहान होतो आणि मासा एका बाजूने तिरळा दिसतो. माशांना त्याचं काही नसतं, माणसांना असतं. चिकटवायचे उठावदार डोळे साच्यातच खळगा असेल तरच लावा आणि वरून क्लिअर द्या. नुसत्या गोंदावरचे डोळे पाण्यात गळतात.

पावडरीवर क्लिअर चढवायचा तर तिची गुळगुळीत कातडी आधी ६०० नंबरच्या पाणकागदाने ओली घासून मंद करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. न घासता लावलेला एपॉक्सी काही दिवसांनी टोपीसारखा सुटून हातात येतो.

मासेमारीच्या रॉडवर गुंडाळलेल्या दोऱ्यावर लावतात तो दोन घटकांचा एपॉक्सी इथे चांगला चालतो. रेझिन आणि हार्डनर समान मापाने, दोन वेगळ्या सिरिंजांनी मोजा. वजनाने मोजू नका, कारण हार्डनर हलका असतो आणि समान वजन घेतलं की तो आकारमानाने जास्त पडतो. एकूण ३ मिलीपेक्षा कमी मिश्रण करू नका. छोट्या मापात थेंबभर चूकही मोठी असते. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत, मग सपाट फॉइलवर ओता. तिथे बुडबुडे वर येतात आणि मिश्रण उशिरा घट्ट होतं. कुंचल्याने पातळ थर द्या आणि जिग मिनिटाला ६ ते १० फेरे घेणाऱ्या चाकावर लावा. चार-सहा तासांत थर ओघळायचा थांबतो, हात लावण्याजोगा २४ तासांत होतो, आणि पूर्ण कडकपणा यायला आठवडा लागतो. तो आठवडा जाऊ द्या.

खोली १८ अंशांपेक्षा थंड असेल तर एपॉक्सी रेंगाळतो. हवा दमट असेल तर पृष्ठभागावर मेणासारखा थर येतो. तो कोमट पाणी आणि साबणाने निघतो, पण पुढचा हात देण्याआधी काढावाच लागतो. दोन दिवसांनीही चिकट राहिला तर माप चुकलं किंवा ढवळणं कमी पडलं. त्यावर नीट मोजलेला दुसरा हात दिला तर बहुधा निभावतं. पाच मिनिटांत घट्ट होणारा एपॉक्सी गार्ड चिकटवायला ठीक, वरच्या थराला नाही. तो लवकर पिवळा पडतो आणि पाण्यात मऊ होतो.

टू-के युरेथेन क्लिअर एपॉक्सीपेक्षा कमी पिवळा पडतो आणि ओरखडेही कमी घेतो, पण त्यात श्वासाला घातक असं आयसोसायनेट असतं. साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. ताज्या सेंद्रिय-वाफ कार्ट्रिजचा रेस्पिरेटर, हातमोजे आणि उघडी हवा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. यूव्ही रेझिन (अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं) एक-दोन जिगांसाठी, डोळ्यांवरच्या थेंबासाठी सोयीचं. आख्ख्या जिगवर जाड लावलं की ठिसूळ होतं आणि आपटल्यावर तडकतं. दिव्याखाली झाल्यावर राहणारा चिकटपणा अल्कोहोलने पुसून टाका.

वापर, साठवण, डागडुजी

पाण्यातून आल्यावर, विशेषतः खाऱ्या, जिग गोड्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवूनच डब्यात ठेवा. रंगाला टाचणीएवढं भोक असलं तरी ओल्या डब्यात तिथून आत पांढरी भुकटी धरते आणि रंग फुगून उठतो. लाकडी पेटी दिसायला छान, पण ओकसारख्या लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिसं खाते. प्लास्टिकचा कप्प्यांचा डबा घ्या आणि एक कप्पा सिलिका जेलला द्या.

नाकावर टवका उडालेला पावडरीचा जिग परत रंगवता येतो. सैल कडा पाण्याखाली खरवडा, उघडं शिसं आणि आजूबाजूचा ५ मिलिमीटर रंग पाणकागदाने घासा, ॲसिटोनने पुसा, जिग वितळणापुरता तापवा, फक्त नाक पावडरीत टेकवा आणि पूर्ण वेळ भाजा. जिगवर एपॉक्सी असेल तर हे करू नका. क्लिअर तापून तपकिरी पडतो. तिथे तेवढाच भाग प्रायमर, रंग आणि एपॉक्सीने भरून काढा. रंगाचे थर चढून चढून मान जाड झालेला जिग सरळ कटरने फोडा, गळ टाकून द्या. शिसं पुन्हा ओतायचं असेल तर रंग आधी पेंट रिमूव्हरने काढून घ्या, कारण रंगासकट वितळवलं की विषारी धूर होतो.

रंगाने शिसं झाकलं जातं, निरुपद्रवी होत नाही. पाणपक्ष्यांनी गिळलेला जिग त्यांच्या पोटात खड्यांबरोबर घासला जातो आणि थर टिकत नाही. ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलके शिशाचे जिग आणि वजनं नेता येत नाहीत. जिथे मासेमारी करणार तिथला नियम ओतण्याआधीच बघा. तिथे शिसं चालत नसेल तर कथील किंवा बिस्मथ-कथील ओता, आणि त्याचा वितळण्याचा आकडा बघूनच भट्टी की एपॉक्सी ते ठरवा.